बीसीएल-२ आणि वीस मिलिग्रॅमची गोळी: लातूर जिल्ह्यातील एका रुग्णाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील रुग्ण औसा तालुक्यातील ६३ वर्षांचे कोरडवाहू शेतकरी आहेत. सहा एकर जमीन, त्यात सोयाबीन आणि तूर, गळ्यात तुळशीची माळ आणि महिन्याच्या दोन्ही एकादश्या न चुकता धरण्याचा नेम. घरात आणि गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून येथेही तोच उल्लेख ठेवला आहे. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले किंवा बदलले आहेत. त्यांना क्रॉनिक लिंफोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल, हा रक्ताचा कर्करोग आहे. रक्तविकारतज्ज्ञ पुण्यात, रुग्ण खेड्यात आणि रोजची देखरेख लातूरला आमच्याकडे, अशा व्यवस्थेत त्यांच्यावर व्हेनेटोक्लॅक्स या औषधाचा उपचार सुरू झाला.

हे औषध बीसीएल-२ या एका मानवी प्रथिनाला निकामी करण्यासाठी घडवलेले आहे. पेशीने कधी मरावे आणि कधी तग धरावी, याचा निर्णय ज्या प्रथिनांच्या हाती असतो त्यांच्यातले हे सर्वांत आधी सापडलेले प्रथिन. प्रकरण विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, या उपचारात पाळावी लागणारी प्रत्येक खबरदारी, मग ती गोळीच्या मात्रेची असो, पाण्याची असो, रक्त घेण्याच्या वेळेची असो किंवा एखादी कॅप्सूल बंद करण्याची असो, त्या एका प्रथिनाविषयी जे कळले आहे त्यातून थेट निघालेली आहे. देखरेख करणाऱ्याला ते माहीत असेल तर खबरदारी टिकते. केवळ छापील तक्ता हाती असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या धावपळीत त्यातली एखादी ओळ हमखास सुटते, असे माझे स्पष्ट मत आहे.

निदान आणि वाट पाहण्याची वर्षे

आजार योगायोगाने सापडला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी ३८,००० निघाल्या. तात्यांना ताप नव्हता, वजन घटले नव्हते. काखेत दोन लहान गाठी होत्या, पण त्या दुखत नसल्याने त्यांनी कधी कुणाला दाखवल्या नव्हत्या. रक्ताचा थेंब काचपट्टीवर ओढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा लहान, गोल, दिसायला अगदी साध्या अशा लिंफोसाइट पेशींची दाटी होती आणि त्यांच्या मधूनमधून फिकट जांभळे, कडा फाटलेले डाग पसरलेले होते. हे डाग म्हणजे काचेवर थेंब ओढताना चिरडलेल्या पेशी होत. सीएलएलमध्ये त्या जागोजागी दिसतात. शरीरात असताना मरायचे नाव न घेणारी पेशी काचेच्या एका हलक्या फटकाऱ्याने फुटते, हे दृश्य पुढे या प्रकरणात फार उपयोगी पडले, म्हणून ते येथे नोंदवून ठेवतो. पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणा ओळखणाऱ्या फ्लो सायटोमेट्री तपासणीत सीडी५, सीडी१९ आणि सीडी२३ या खुणा एकत्र दिसल्या आणि निदान पक्के झाले.

त्यानंतर कोणताही उपचार केला नाही. सीएलएलमध्ये लक्षणे नसताना केवळ आकडे वाढले म्हणून उपचार केल्याने आयुष्य वाढत नाही, त्यामुळे अशा रुग्णावर नुसते लक्ष ठेवणे हीच मान्य रीत आहे. कुटुंबाला हे पटवणे सोपे नव्हते. कर्करोग आहे असे सांगायचे आणि औषध नाही असेही सांगायचे, हे ऐकणाऱ्याला टाळाटाळ वाटते. थोरल्या मुलाला मी म्हणालो की, या पेशी भराभर वाढत आहेत असे नाही, त्या मरत नाहीत म्हणून साठत आहेत. त्यावर तात्यांनीच विचारले, "मरंनात म्हंता, मग वाईट काय त्यात, सायब? मानसाला बी न मरायचंच वाटतंय की."

हा प्रश्न भाबडा नाही. कर्करोगाच्या अभ्यासकांनाही त्याचे उत्तर मिळायला १९८८ साल उजाडावे लागले.

प्रथिनाची ओळख

फॉलिक्युलर लिंफोमा या कर्करोगात चौदाव्या आणि अठराव्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले आढळतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे योशिहिदे त्सुजिमोतो, कार्लो क्रोचे आणि त्यांचे सहकारी ती तुटलेली जागा शोधत होते. १९८४ मध्ये त्यांनी अठराव्या गुणसूत्रावरच्या त्या जागेचे वर्णन केले आणि तेथील जनुकाला बी पेशींच्या लिंफोमावरून बीसीएल-२ हे नाव पडले. या अदलाबदलीमुळे ते जनुक अशा जागी जाऊन बसते की, बी पेशी प्रतिपिंडे बनवण्यासाठी जी यंत्रणा सतत चालू ठेवते तिच्या जोरावर बीसीएल-२ प्रथिनही अखंड बनत राहते. तोपर्यंत माहीत असलेली कर्करोगाची जनुके पेशीला विभाजनाकडे ढकलणारी होती, तेव्हा हेही त्यांतलेच असणार, असा समज होता.

मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल संस्थेत डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी आणि जेरी ॲडम्स यांनी हा समज मोडला. वाढीसाठी एका विशिष्ट पोषक द्रव्यावर अवलंबून असलेल्या पेशींमध्ये त्यांनी बीसीएल-२ जनुक घातले आणि मग ते द्रव्य काढून घेतले. साध्या पेशी मेल्या. बीसीएल-२ असलेल्या पेशी जगल्या, मात्र त्या वाढल्या नाहीत, त्यांचे विभाजन झाले नाही, त्या नुसत्या टिकून राहिल्या. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने पेशीचे न मरणे हेदेखील कर्करोगाचे कारण असू शकते, हे प्रथमच दाखवून दिले. चारच वर्षांनी मानवी बीसीएल-२ एका सूक्ष्म जंताच्या शरीरात घातले असता त्याच्याही पेशींचे ठरलेले मरण रोखले जाते, असे दिसले. म्हणजे ही यंत्रणा प्राणिसृष्टीत फार जुनी आहे.

तात्यांच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. निरोगी माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी पेशी शिस्तीने मरतात आणि त्यांची जागा नव्या पेशी घेतात. लिंफोसाइट मेलीच नाही, तर ती अस्थिमज्जेत जागा अडवते, मग तांबड्या पेशी आणि प्लेटलेट बनायला जागा उरत नाही. प्लीहा फुगते, गाठी वाढतात आणि या साठलेल्या पेशी संसर्गाशी लढण्याचे आपले मूळ कामही करीत नाहीत. येथे एक दुरुस्ती जोडणे आवश्यक आहे. सीएलएलमध्ये पेशी मुळीच जन्मत नाहीत, असे नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना जड पाणी पाजून नव्या पेशींची मोजणी केली असता, रोज एकूण साठ्याच्या ०.१ ते १ टक्का आणि काहींमध्ये त्याहूनही अधिक पेशी नव्याने बनतात, असे आढळले. त्यांचा जन्म प्रामुख्याने गाठींमध्ये होतो. रक्तात फिरणाऱ्या पेशी मात्र बहुतांशी विसावलेल्या असतात आणि त्यांना टिकवून धरण्याचे काम बीसीएल-२ करते.

सीएलएलमध्ये गुणसूत्रांची ती अदलाबदल सहसा नसते. तात्यांच्या पेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला होता. निम्म्याहून अधिक रुग्णांत हा दोष सापडतो. त्या तुकड्यावर दोन सूक्ष्म आरएनए असतात, ज्यांचे एक काम बीसीएल-२ च्या निर्मितीला आवर घालणे हे आहे. आवर गेला की प्रथिन वाढते. वाट वेगळी असली, तरी पोहोचायचे ठिकाण तेच.

पहिला उपचार, आणि सतरावे गुणसूत्र

तीन वर्षांनी हिमोग्लोबिन घसरू लागले, तेव्हा तात्यांना बेंडामुस्टिन हे केमोथेरपीचे औषध आणि रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंड यांची सहा आवर्तने दिली. गाठी विरघळल्या आणि चार वर्षे बरी गेली. मग पांढऱ्या पेशी पुन्हा चढू लागल्या आणि यावेळी वेगाने चढल्या. गुणसूत्रांतले दोष शोधणाऱ्या फिश तपासणीत, जी नव्याने केली, सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचा तुकडा गळालेला निघाला. पहिल्या वेळी हा दोष नव्हता.

त्या तुकड्यावर पी५३ प्रथिनाचे जनुक असते. केमोथेरपीची बहुतेक औषधे पेशीच्या डीएनएला इजा करतात. इजा झाल्याचे ओळखून मरणाचा हुकूम सोडण्याचे काम पी५३ करते आणि तो हुकूम प्यूमा आणि नॉक्सा या लहान प्रथिनांमार्फत बीसीएल-२ कुटुंबापर्यंत पोहोचतो. पी५३ नसलेल्या पेशीला इजा झाली तरी हुकूमच निघत नाही. म्हणून अशा रुग्णात पुन्हा केमोथेरपी देण्याने फारसे काही साधत नाही. किंबहुना पहिल्या केमोथेरपीतून ज्या मोजक्या पेशी निसटतात, त्यांत पी५३ गमावलेल्यांचा भरणा असतो आणि आजार उलटतो तो त्यांच्यापासूनच.

व्हेनेटोक्लॅक्स या साखळीत पी५३ च्या खालच्या कडीवर काम करते. बीसीएल-२ तंतुकणिकेच्या म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पडद्यावर असते आणि त्याच्या पृष्ठभागावर एक खोबण असते. बिमसारखी मरणाला चालना देणारी प्रथिने त्या खोबणीत अडकून पडतात. औषधाचा रेणू नेमका त्या खोबणीत बसतो आणि बिमला बाहेर ढकलतो. सुटलेले बिम बॅक्स आणि बॅक या प्रथिनांना जागे करते, ती एकत्र येऊन तंतुकणिकेच्या पडद्याला छिद्रे पाडतात, आतले सायटोक्रोम-सी पेशीद्रवात येते आणि कॅस्पेज नावाची विकरे, म्हणजे एन्झाइम, पेशीची आतूनच मोडणी सुरू करतात. सीएलएलच्या पेशीत बिमचा साठा आधीपासूनच भरलेला असतो; केवळ बीसीएल-२ ने दाबून धरल्यामुळे ती जिवंत असते. त्यामुळे दाब सुटल्यावर ती दिवसांत नव्हे, तासांत मरते.

या औषधाआधीचे नॅव्हिटोक्लॅक्स हे औषध बीसीएल-२ बरोबरच त्याचे भावंड असलेल्या बीसीएल-एक्सएललाही पकडत असे. प्लेटलेटचे आयुष्य बीसीएल-एक्सएलवर चालते, हे २००७ मध्ये मेलबर्नच्याच संस्थेतून स्पष्ट झाले होते आणि त्यामुळेच नॅव्हिटोक्लॅक्स घेणाऱ्यांच्या प्लेटलेट कोसळत. केवळ बीसीएल-२ ला धरणारा रेणू २०१३ मध्ये जाहीर झाला, तोच व्हेनेटोक्लॅक्स. आमच्या दृष्टीने हा इतिहास नव्हता: तात्यांच्या प्लेटलेट तेव्हा ९२,००० होत्या, आणि जुन्या रेणूवर त्यांना ठेवण्याचे धाडस कोणी केले नसते.

बीटीके नावाच्या विकराला रोखणाऱ्या गोळ्यांचा पर्यायही पुण्याच्या तज्ज्ञांनी समोर ठेवला होता. त्या सहसा आजार आटोक्यात आहे तोवर घेतच राहाव्या लागतात. ठराविक मुदतीत संपणारा उपचार कुटुंबाला खर्चाच्या आणि ये-जा करण्याच्या हिशेबाने परवडणारा वाटला आणि रिटुक्सिमॅबसह दोन वर्षे व्हेनेटोक्लॅक्स, असे ठरले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या म्युरानो चाचणीतील ही पद्धत आहे.

औषधाची ताकद हाच धोका

उपचारापूर्वीची स्थिती अशी होती: पांढऱ्या पेशी १,१८,०००, त्यांत लिंफोसाइट ९४ टक्के; हिमोग्लोबिन ९.४, पोटातील सर्वांत मोठी गाठ ६.२ सेंटिमीटर, युरिक ॲसिड ७.४, क्रिएटिनिन १.१. लिंफोसाइट २५,००० च्या वर आणि एखादी गाठ ५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल, तर ट्यूमर लायसिसचा, म्हणजे कर्करोगाच्या पेशी एकदम फुटण्याचा, धोका सर्वांत वरच्या गटात धरला जातो. एकाच वेळी कोट्यवधी पेशी मेल्या, तर त्यांच्यातील पोटॅशियम, फॉस्फरस आणि युरिक ॲसिड रक्तात लोटते. पोटॅशियमने हृदय थांबू शकते आणि फॉस्फरस व युरिक ॲसिडने मूत्रपिंड बंद पडू शकते.

ही भीती पुस्तकी नाही. हे औषध पहिल्यांदा ज्या तीन सीएलएल रुग्णांना दिले गेले, त्यांच्यात एकाच मात्रेनंतर २४ तासांत गाठींच्या पेशी फुटल्याची रक्तातील लक्षणे दिसली होती. सुरुवातीच्या चाचण्यांत मात्रा मोठी होती आणि ती दोन-तीन आठवड्यांत वाढवली जाई. त्या ७७ रुग्णांपैकी १० जणांना ट्यूमर लायसिस झाले, तिघांची मूत्रपिंडे तडकाफडकी बिघडली आणि दोघे दगावले. आजची पद्धत त्यातून आली आहे: पहिला आठवडा रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, मग १००, मग २००, आणि पाचव्या आठवड्यापासून ४००. सुरुवातीची मात्रा पूर्ण मात्रेच्या विसाव्या भागाएवढी असते. एवढ्या जपून दिलेल्या औषधाने काय होणार, अशी शंका धाकट्या मुलाने काढली, तेव्हा थोरलाच त्याला म्हणाला की, मांजरा धरण भरल्यावर सगळे दरवाजे एका वेळी उघडले तर खालच्या गावांचे काय होईल ते बघ. मला यापेक्षा चांगले समजावता आले नसते.

अमेरिकेत या औषधाला ११ एप्रिल २०१६ रोजी मान्यता मिळाली. त्याच आठवड्यात मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला येऊन पोहोचली होती. हा योगायोग सांगण्याचे कारण एवढेच की, गोळी सुरू होण्याच्या दोन दिवस आधीपासून रोज दीड ते दोन लिटर पाणी प्यावे, ही सूचना आमच्या भागात सहज उच्चारण्यासारखी नाही. तात्या शेतात दिवसभरात किती पाणी पितात, हे त्यांनाही सांगता येत नव्हते. म्हणून त्यांचा घरचा तांब्या आणायला सांगितला आणि वॉर्डातल्या मापाच्या भांड्याने तो भरून पाहिला. काठोकाठ ७०० मिलिलिटर बसले. मग सूचना अशी लिहिली: सकाळपासून रात्रीपर्यंत तीन तांबे, आणि सुनेने प्रत्येक तांब्याची रेघ भिंतीवरच्या कॅलेंडरवर मारायची. लिटरचा आकडा कागदावर राहतो, तांब्या मात्र पोटात जातो.

पिशवीतील कॅप्सूल

सोयाबीनची रास झाल्यावर उपचार सुरू करायचे ठरले होते. पहिल्या गोळीसाठी रुग्णालयात भरती करायचे होते; त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही घरातील सगळी औषधे, मलमे आणि चूर्णे पिशवीत भरून आणायला सांगितली. ही रीत प्रत्येक रुग्णासाठी आहे, पण व्हेनेटोक्लॅक्ससाठी तिला पर्याय नाही. "कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारले असता तात्यांनी फक्त रक्तदाबाची गोळी सांगितली होती. पिशवीत त्या गोळीशिवाय अंगदुखीचे तेल, त्रिफळा चूर्ण, स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाची पिळून चपटी झालेली ट्यूब आणि इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूलची अर्धी रिकामी पट्टी निघाली.

पावसाळ्यात मांड्यांना गजकर्ण उठले होते. तालुक्याच्या एका औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय या कॅप्सूल मिळाल्या होत्या आणि खाज उठली की तात्या त्या घेत. ते त्यांना औषध वाटतच नव्हते. औषध म्हणजे आजाराचे, आणि गजकर्ण हा आजार नव्हे, अशी त्यांची समजूत. मराठवाड्यातील कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात पावसाळ्यानंतर बसलेल्या डॉक्टरला हे चित्र नवे नाही.

व्हेनेटोक्लॅक्सचा निचरा यकृतातील सीवायपी३ए या विकराकडून होतो आणि इट्राकोनॅझोल ते विकर जोरात अडवते. त्याच जातीच्या केटोकोनॅझोलबरोबर व्हेनेटोक्लॅक्सची शरीरातील एकूण पातळी ६.४ पट झाल्याचे मोजले गेले आहे. म्हणजे आम्ही २० मिलिग्रॅम दिल्याचे समाधान मानले असते आणि तात्यांच्या पेशींनी जवळजवळ १३० मिलिग्रॅमचा तडाखा पहिल्याच रात्री सोसला असता. मात्रा वाढवण्याच्या काळात अशी औषधे पूर्ण वर्ज्य आहेत. इट्राकोनॅझोल शरीरातून लगेच जात नाही, त्याला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून आम्ही सुरुवात दोन आठवडे पुढे ढकलली. गजकर्णासाठी ल्युलिकोनॅझोलचे मलम आणि टर्बिनाफिनच्या गोळ्या दिल्या, कारण टर्बिनाफिन या विकराला धक्का लावत नाही. स्टेरॉइडचे मलम बंद केले. तेच विकर अडवणाऱ्या क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल यांचीही नावे मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद कुटुंबाला दिला आणि गावच्या डॉक्टरांना फोन केला. फळांमध्ये ग्रेपफ्रूट, कडू संत्रे आणि कमरख वर्ज्य आहेत. मोसंबीचे नाव त्या यादीत नाही, हे जालन्याला मुलगी दिलेल्या घरात मुद्दाम सांगावे लागले. पपनस मात्र ग्रेपफ्रूटचे जवळचे नातलग असल्याने आम्ही आपणहून बंद ठेवले.

एकादशीचा प्रश्न तात्यांनीच काढला. ही गोळी जेवणासोबत घ्यायची असते, कारण रिकाम्या पोटी तिचे शोषण फार कमी होते. साध्या जेवणाबरोबर ते तिप्पट किंवा त्याहून अधिक वाढते. उपवास मोडा, असे सांगण्याची गरज नव्हती. भगर आणि दाण्याची आमटी हेही जेवणच आहे आणि त्यात पुरेसे स्निग्धही असते. निर्जळी करायची नाही एवढे एकच बंधन घातले आणि ते त्यांनी मान्य केले.

भरतीचे दिवस

पहिली गोळी सकाळच्या जेवणानंतर दिली. युरिक ॲसिड कमी करणारे ॲलोप्युरिनॉल तीन दिवस आधीपासून सुरू होते आणि युरिक ॲसिड ५.१ वर आले होते. सलाईन ताशी १५० मिलिलिटर चालू होते. रक्त गोळीपूर्वी आणि नंतर ४, ८, १२ आणि २४ तासांनी घ्यायचे होते. यातले फॉस्फरस विसरले जाते, हे मुद्दाम सांगतो. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या तपासणीत अनेक प्रयोगशाळा ते करत नाहीत, वेगळे लिहावे लागते. तात्यांच्या बाबतीत आधी हलले ते फॉस्फरसच: ८ तासांनी ४.९, १२ तासांनी ५.३ आणि २४ तासांनी ४.४. पोटॅशियम आणि युरिक ॲसिड मर्यादेत राहिले. ट्यूमर लायसिस म्हणायला किमान दोन घटक बिघडावे लागतात, तेव्हा ते झाले नाही. पण वीस मिलिग्रॅमने बारा तासांत काहीतरी घडले होते, हे त्या एका आकड्याने दाखवले.

दुसऱ्या भरतीत, ५० मिलिग्रॅमच्या पहिल्या गोळीनंतर, खरा पेच आला. इलेक्ट्रोलाइटचे आमचे यंत्र दुरुस्तीला असल्याने आठ तासांचा नमुना शहरातील दुसऱ्या प्रयोगशाळेत मोटारसायकलवरून गेला. रात्री अहवाल आला: पोटॅशियम ६.९. हा आकडा खरा असेल, तर मिनिटे मोजावी लागतात. खोटा असेल आणि त्यावर इन्शुलिन व ग्लुकोज देऊन पोटॅशियम उतरवले, तर आपणच रुग्णाला धोक्यात घालतो.

ताबडतोब ईसीजी काढला. पोटॅशियम वाढले की होते तशी टी लाट टोकदार नव्हती, गती नियमित होती. त्याच नमुन्यातील फॉस्फरस ४.३, युरिक ॲसिड ४.८, क्रिएटिनिन जागच्या जागी. पेशी फुटून पोटॅशियम ६.९ झाले असते, तर बाकीचे इतके शांत राहिले नसते. दंडाला पट्टा न बांधता, हलक्या हाताने नवा नमुना घेतला, सिस्टरनी तो स्वतः अतिदक्षता विभागात नेला आणि ब्लड गॅसच्या यंत्रावर काही मिनिटांत लावला: ४.५. पांढऱ्या पेशी तेव्हाही ९६,००० होत्या. निदानाच्या वेळी काचेवर चिरडलेल्या दिसल्या त्या याच नाजूक पेशी, नळीत गोठताना आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी फुटल्या होत्या आणि त्यांच्यातील पोटॅशियम शरीरात नव्हे, नळीत सांडले होते. हेपरिनच्या नळीनेही सीएलएलमध्ये असाच खोटा आकडा येऊ शकतो, म्हणून नळी बदलून तीच वाट पुन्हा धरणे पुरेसे नसते. रक्त ताजे हवे आणि वेळ न दवडता यंत्रावर लागायला हवे. मात्र सीएलएल आहे म्हणजे पोटॅशियम खोटेच असणार, असे धरून स्वस्थ बसणेही तितकेच घातक आहे. ईसीजी आणि ताजा नमुना हातात येईपर्यंत रुग्णाला मॉनिटरवर आणि औषधे उशाशी तयार, असेच ठेवले पाहिजे. तसे ते ठेवले होते.

पुढील वाटचाल

तिसऱ्या मात्रेपासून तात्या घरून येऊ लागले. सकाळी तपासणीचे रक्त, मग गोळी, सहा ते आठ तासांनी पुन्हा रक्त आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांदा. मधला वेळ ते लातूरला भाच्याकडे काढत. काखेतली गाठ १०० मिलिग्रॅमच्या आठवड्यात हाताला लागेनाशी झाली. पांढऱ्या पेशी तिसऱ्या आठवड्याअखेर ३१,००० आणि पाचव्याअखेर ८,२०० होत्या. त्यानंतर रिटुक्सिमॅबची सहा आवर्तने झाली. तिसऱ्या महिन्यात न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ७०० पर्यंत खाली आल्या. गोळी थांबवून त्या पेशी वाढवणारी जीसीएसएफची इंजेक्शने दिली आणि पेशी सावरल्यावर पुन्हा सुरू केली. या औषधाबरोबर हे वारंवार घडते.

रिटुक्सिमॅब संपल्यानंतर केलेल्या तपासणीत रक्तातील दर दहा हजार पेशींमागे एकही सीएलएलची पेशी सापडली नाही. सध्या गोळीचे दुसरे वर्ष चालू आहे.

इतके चांगले चालले असताना दोन वर्षांनी गोळी बंद का करायची, असे थोरला मुलगा दर भेटीत विचारतो. पी५३ गमावलेल्या रुग्णात आजार लवकर उलटण्याचा संभव अधिक असतो, त्यामुळे त्याची काळजी रास्त आहे. त्याला दिलेले उत्तर असे. २०१९ मध्ये मेलबर्नहून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दीर्घकाळ सलग व्हेनेटोक्लॅक्स घेऊनही ज्यांचा आजार उलटला अशा काही रुग्णांत बीसीएल-२ मध्येच बदल झालेला सापडला. प्रथिनातील १०१ व्या जागेवर ग्लायसिनऐवजी व्हॅलिन आले होते. एवढ्याशा बदलाने खोबणीचा आकार असा पालटतो की, औषधाची पकड सुमारे १८० पट सैल होते, आणि बिमला धरून ठेवण्याचे प्रथिनाचे काम मात्र चालूच राहते. औषधाचा दाब जितका काळ सलग राहील, तितकी अशा पेशींना निवडून येण्याची संधी वाढते. मुदतीत थांबलो, तर तेच औषध पुढे पुन्हा वापरण्याची शक्यता हाती राहते.

थांबल्यानंतर दर तीन महिन्यांनी लातूरला रक्ताची मोजणी होईल आणि गाठी हाताने तपासल्या जातील. आजार उलटलाच, तर उपचार ठरवण्याआधी ताजा नमुना पुण्याला जाईल आणि त्यात पी५३ बरोबरच बीसीएल-२ च्या त्या जागेचीही तपासणी मागितली जाईल. तशी नोंद तात्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर करून ठेवली आहे.